पगार, घरपट्टी आणि कामबंद: पालिका नक्की कुणामुळे बुडते?

माचीपेठकर (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात ताईकडे जाऊन आलो. गाव सातारा जिल्ह्यातलंच, नगरपालिकेचं. नाव लिहीत नाही, कारण तिथले निम्मे लोक हा धागा वाचणार आणि उरलेले माझे पाहुणे आहेत.

पालिकेच्या कर्मचाऱ्यांच्या कामबंदचा तिसरा दिवस होता. कोपऱ्यावरच्या ढिगात तळाला निर्माल्य, त्यावर सडकी भाजी, त्यावर कुत्री. पालिकेच्या दारात मांडव, सतरंज्या, लाउडस्पीकर. फलकावर मागण्या: महागाई भत्त्याचा फरक, वेतन आयोगाचे राहिलेले हप्ते, निवृत्तांचं उपदान (ग्रॅच्युइटी) आणि रजा रोखीकरण. त्याच दुपारी ताईच्या घरी घरपट्टीची नोटीस आली, चतुर्थ वार्षिक आकारणीची. दाजी कागद नाचवत म्हणाले, "यांच्या पगारासाठी आमच्या खिशात हात!" मला तेव्हा शंभर टक्के पटलं.

माझं म्हणणं सरळ आहे. कारखान्यात मालक बुडाला तर कामगारही बुडतो, म्हणून तिथली संघटना एका मर्यादेपलीकडे ताणत नाही. पालिकेला मालकच नाही. टेबलाच्या एका बाजूला संघटना, दुसऱ्या बाजूला नगरसेवक, आणि त्याला पुढच्या निवडणुकीत ह्याच लोकांची मतं हवीत. दोघं मिळून ज्याच्या पैशाचा सौदा करतात तो माणूस खोलीतच नसतो. चुकत असेन तर सांगा.

शनिवारपेठ

+१. झाडायला एक, सही करायला पाच. विषय संपला.

लेखाशीर्ष

विषय संपला नाही, सुरू झाला. एकतीस वर्षं पालिकांच्या लेखा विभागात काढली, चार गावं फिरलो. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी दाजींची नोटीस. कायम कर्मचाऱ्यांचा पगार घरपट्टीतून होतो हा समज बराचसा चुकीचा आहे. नगरपालिकांची जकात, म्हणजे गावात येणाऱ्या मालावरचा कर, १९९९ साली गेली. तोवर नाक्यावर रोजच्या रोज रोकड जमायची. संध्याकाळी नाकेदार पैशाची पिशवी घेऊन यायचा आणि कॅशियर मोजून घ्यायचा. अडीअडचणीला तो पैसा हाताशी असायचा. जकात गेली, बदल्यात शासनाचं सहायक अनुदान आलं आणि कायम लोकांचे पगार मुख्यतः त्याच्यावर चालायला लागले. म्हणजे पगाराची चावी मुंबईत गेली. अनुदान लांबलं की पगार लांबतो आणि मांडव मात्र मुख्याधिकाऱ्याच्या दारात पडतो, ज्याच्या हातात काहीच नसतं.

मग घरपट्टी जाते कुठं? पथदिव्यांच्या आणि पाण्याच्या पंपांच्या वीजबिलात, शासकीय योजनांतल्या पालिकेच्या हिश्शात, आणि ठेकेदारांच्या बिलांत. साताऱ्याला कासचं पाणी उताराने येतं, हे त्या शहराचं भाग्य. उपशावर जगणाऱ्या गावांच्या लेखापालाला विचारा, महिन्याचं बिल आलं की काय होतं ते.

आता ३५ टक्क्यांची मेख. आस्थापना खर्च, म्हणजे पगार-भत्त्यांचा खर्च, उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर नव्या भरतीचं नाव काढू नका, हा दंडक महापालिकांच्या बाबतीत तुम्ही पेपरात वाचलाच असेल. छोट्या पालिकांमागेही वरून तोच धोशा. ऐकायला बरं वाटतं. पण ह्या आकड्यात काय धरतात ते बघा. समजा उत्पन्न १०० रुपये, आस्थापना ४० रुपये. दहा सफाई कामगार निवृत्त झाले, जागा भरल्या नाहीत, आस्थापना ३३ वर आली. वर शाबासकी. झाडायचं तर आहेच, म्हणून ठेका दिला, त्याचं बिल १२ रुपये. ते बिल आस्थापनेत येत नाही. ते 'स्वच्छता', 'देखभाल' असल्या लेखाशीर्षात जातं. खर्च ४० चा ४५ झाला आणि कागदावर पालिका सुधारली! मी स्वतः अशी पत्रकं तयार केली आहेत. सही साहेबांची, अक्षर माझं.

म्हणून संघटनेमुळे पालिका बुडते असं कुणी म्हटलं की मी विचारतो, कुठल्या रकान्यात? संघटना ज्या रकान्यात बसते तो वर्षागणिक लहान होतोय. फुगतोय तो शेजारचा, आणि तिथे संघटना नाही.

शनिवारपेठ

साहेब, म्हणजे संघटना धुतल्या तांदळासारखी?

लेखाशीर्ष

तसं कुठं म्हणालो? माझा त्यांच्यावर एक मोठा राग आहे, तो पुढे लिहितो. आत्ता नातवाला क्लासला सोडायचंय.

मोतीचौक

जकातीचं नाव काढलंत म्हणून लिहितो. नाक्यावर ट्रक दोन-दोन तास उभा राहायचा, ते कुणाला परत नको. पण एक मान्य. जकात गेली ती व्यापाऱ्यांच्या आंदोलनामुळे. आम्हीही 'कामबंद'च केलं होतं, फक्त त्याला 'बंद' म्हणतात. पुढे महापालिकांमध्ये जकातीच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली, तिलाही आम्हीच पळवली. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींच्या खालच्या उलाढालीला माफी. मग जीएसटी. आता महापालिकांना शासन भरपाई देतं, २०१६-१७ पायाभूत धरून दरवर्षी ८ टक्के वाढीने. आमच्या सांगलीच्या साडूंच्या भाषेत, पूर्वी महापालिका कमवती होती, आता तिला पॉकेटमनी मिळतो. तेव्हा तिजोरी रिकामी करायला हातभार सगळ्यांनीच लावलाय, नुसत्या झाडूवाल्यांवर ढकलू नका.

माहुलीची_लेक

पहिल्यांदाच लिहितेय. माचीपेठकर दादा, तुम्ही ज्या मांडवाचं लिहिलंत तसल्याच एका मांडवात माझे वडील बसलेले असतात. गाव दुसरं, मांडव तोच.

आमच्या घरात दोन सफाई कामगार आहेत. वडील कायम, आजोबांच्या जागेवर लागलेले, लाड-पागे समितीच्या शिफारशीने सफाई कामगारांच्या वारसांना मिळणाऱ्या हक्काने. भाऊ ठेक्यावर, घंटागाडीच्या मागे लोंबकळतो. दोघं पहाटे पाचला एकाच सायकलवरून निघतात. हजेरी वडाच्या पारावर. मुकादमाकडे दोन वह्या. वडिलांची मोठी, तपकिरी पुठ्ठ्याची, छापील रकान्यांची. भावाची शंभर पानी, वर कार्टूनचं चित्र असलेली शाळेची वही. वडिलांनी खाडा केला तर रजा लागते, भावाने केला तर पैसे कापतात आणि दुसऱ्या दिवशी कामावर दुसराच पोरगा दिसायची धास्ती.

वडिलांचा पगार भावाच्या जवळपास तिप्पट आहे. गटार एकच. दिवाळीला वडिलांना सानुग्रह अनुदान मिळतं, भावाला ठेकेदाराकडून फरसाणाचा पुडा. मागच्या दिवाळीत वडिलांनी तो पुडा फोडूच दिला नाही. नुसता ठेवला कपाटावर, जानेवारीपर्यंत. का ते विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

भावाच्या पगारातून पीएफ कापतात. मोबाईलवर मेसेज मात्र येत नाही. विचारलं तर सांगतात, आधार जुळत नाही. दोन वर्षं झाली आधार जुळवतोय.

तेव्हा 'यांचे पगार' म्हणताना कुणाचे ते सांगा. वडिलांचा म्हणत असाल तर त्यांच्यासारखे आता त्या पारावर अकरा उरलेत. मी लहान असताना चाळीसच्या वर होते.

माचीपेठकर

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. दोन वह्यांचं मला माहीत नव्हतं. प्रश्न मागे घेत नाही, पण जरा थांबतो.

माणदेशी

आमच्याकडं तर नगरपंचायत झाली आन गावाचं कल्याण झालं म्हणत्यात. ग्रामपंचायत हुती तवा शिपाय दोन हुते, गटार तुंबलं की हाक मारली की येत. आता मुख्याधिकारी हायती, इंजनेर हायती, आन शिपाय कुठं गेलं म्हणून इचारलं तर म्हणत्यात आकृतिबंधात बसत न्हाई. आता हे आकृतिबंध म्हंजी काय, कुठल्या दुकानात मिळतं, कुणीतरी सांगा बाबा.

लेखाशीर्ष

माणदेशी भाऊ, कुठलं पद किती, हे शासनाने मंजूर केलेला तक्ता म्हणजे आकृतिबंध. शहर वाढतं त्या वेगाने तो वाढत नाही. हद्दवाढ झाली की घरं, रस्ते, गटारं एका रात्रीत पालिकेची होतात. साताऱ्याची हद्दवाढ २०२० मध्ये झाली, शाहूपुरीसारखा मोठा भाग आत आला. पदं मात्र फायलीतून चालत येतात. मधल्या काळात भिस्त ठेक्यावर.

कलम_एकवीस

वकिली करते, कामगार न्यायालयात उभी राहते, म्हणून कायद्यापुरतं.

पालिकेच्या संघटनेत एवढी ताकद का? कारण पालिकेचं काम कायद्याने 'उद्योग' आहे. नागपूर महापालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्येच ते ठरवलं. त्यामुळे इथला वाद औद्योगिक न्यायालयात जातो, मंत्रालयातल्या कारकुनाचा जात नाही. पण ताकदीला वेसणही आहे. संपाआधी चौदा दिवसांची नोटीस लागते. आणि २००३ मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात न्यायालय म्हणालं की सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही. २०२३ च्या मार्चमध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर आठवडाभर संप झाला, तो तरीही झालाच. कायद्याचं पुस्तक आणि मांडव यांची भेट क्वचित होते.

माहुलीच्या ताईंसाठी: १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम २१ मधली तरतूद, जी २०२५ पासून नव्या कामगार संहितेत गेली, ती वाचा. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे पालिकेवर येते. आणि पीएफच्या मेसेजची वाट बघू नका. भावाचा यूएएन (पीएफचा कायमचा) क्रमांक घ्या, पासबुक उघडा. खातंच नसेल तर पगारचिठ्ठी घेऊन भविष्य निर्वाह निधी कार्यालयात तक्रार करता येते.

कायम होण्याचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या उमादेवी निकालाने मागच्या दाराने कायम करायला चाप लावला. पण मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघ लढला आणि २७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करायचा निकाल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकला. तिथे ठेका कागदापुरताच होता, हे सिद्ध करता आलं. मुकादम पालिकेचा, हजेरी त्याची, हुकूम त्याचा. ताई, ती शाळेची वही जपून ठेवा. शक्य झालं तर पानांचे फोटो काढा.

मॅडिसनवाला

मूळचा कोरेगावचा, सध्या अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये. हाच वाद मी इथे वेगळ्या कपड्यांत पाहिलाय. २०११ च्या फेब्रुवारीत इथलं विधानभवन हजारो शिक्षक-कर्मचाऱ्यांनी भरलं होतं, लोक रात्री तिथेच फरशीवर झोपायचे. गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी कायदा आणला: संघटनेने फक्त मूळ पगारावर बोलायचं, तेही महागाईच्या दरापुरतं, पेन्शन आणि विम्यात कर्मचाऱ्याने जास्त वाटा द्यायचा, आणि दरवर्षी मतदान घेऊन संघटनेने स्वतःचं अस्तित्व सिद्ध करायचं. पोलीस आणि अग्निशमनवाले मात्र वगळले. कारण तुम्ही ओळखलंच असेल.

दोन्ही बाजू ऐकल्या. शाळांचे खर्च आवरले हे खरं. संघटना मोडकळीला आल्या हेही खरं. गंमत अशी, की विस्कॉन्सिनचा पेन्शन निधी तेव्हा देशातल्या सगळ्यात भक्कम निधींपैकी एक होता. म्हणजे आजार एकाला आणि ऑपरेशन दुसऱ्याचं. २०२४ च्या डिसेंबरात इथल्या न्यायालयाने त्या कायद्याचा बराच भाग रद्द ठरवला, पुढे प्रकरण अपिलात गेलं.

खरा आजारी म्हणजे डेट्रॉइट. जुलै २०१३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज, देणी सुमारे १८ अब्ज डॉलर. पण त्या शहरातली माणसं १९५० मध्ये साडेअठरा लाख होती, ती सात लाखांवर आली होती. कर देणारे गेले, पेन्शन घेणारे राहिले. शेवटी सामान्य निवृत्तांच्या पेन्शनीत साडेचार टक्के कपात झाली आणि महागाईची वाढ बंद. संघटनेने मागितलं, पुढाऱ्यांनी कबूल केलं, आणि पैसे बाजूला टाकायचं दोघंही विसरले. माचीपेठकरांचं 'खोलीत नसलेला माणूस' मला तिथे आठवतं. फक्त तो करदाता एकटा नव्हता. म्हातारा झालेला कामगारही त्या खोलीत नव्हता.

शनिवारपेठ

अमेरिकेचं अमेरिकेत ठेवा हो. इथे साडेदहाला ऑफिस उघडतं आणि साडेअकराला चहाला जातं, त्याचं काय?

मॅडिसनवाला

त्याचं काही नाही. तो चहा इथेही आहे, फक्त कप मोठा.

लेखाशीर्ष

आलो. पेन्शनचा विषय निघालाय तर माझा राग आता लिहितो.

१ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांना जुनी पेन्शन. ती चालू उत्पन्नातून द्यायची, म्हणजे 'पुढचं पुढे बघू'. त्यानंतरच्यांना अंशदायी: कर्मचाऱ्याचे १० टक्के, मालकाचे १४, आणि ते महिन्याच्या महिन्याला खरोखर भरायला लागतात. लोकांना वाटतं नवीन योजनेने पालिकेचा भार हलका झाला. झाला, पण आणखी वीस-पंचवीस वर्षांनी. तोवर जुन्यांची पेन्शनही द्या आणि नव्यांचे १४ टक्केही भरा, असा दुहेरी फास. एका ठिकाणी (गाव विचारू नका) मी बघितलंय, पगारातून १० टक्के कापले आणि भरलेच नाहीत. सात महिने. पंपाची वीज तुटायची वेळ आली होती, पैसे तिकडे वळवले. संघटनेला कळलं तेव्हा मोर्चा आला, आणि तो मोर्चा शंभर टक्के बरोबर होता.

पण माझा राग हा: ह्याच संघटनेने ठेक्यावरच्या पोरांसाठी एकदाही सतरंजी अंथरली नाही. मी पंधरा वर्षं वाटाघाटींच्या बैठकांत फायली घेऊन मागच्या खुर्चीवर बसलो. मागणीपत्रकात शेवटची ओळ कायम असायची, 'कंत्राटी कामगारांना न्याय द्यावा.' बैठक सुरू झाली की साहेब विचारायचे, कुठल्या मागण्या सोडताय? पहिली सुटायची ती शेवटची ओळ. तिची सवयच झाली होती. फरकाचा हप्ता पदरात पडला की मांडव उतरायचा. आणि पुढच्याच सभेत नव्या ठेक्याचा ठराव एकमताने मंजूर. संघटना गप्प, नगरसेवक खूश. ठेकेदार कुणाचा माणूस असतो ते लिहायला हवं का?

माचीपेठकर, सौदा होतो हे तुमचं बरोबर. पण सौद्यात संघटनेने जास्त मागितलं असं माझ्या अनुभवाला नाही. तिने स्वतःपुरतं मागितलं आणि बाकीचं विकलं. आज तिचे सभासद अकरा उरलेत ते त्यामुळे. अकरा माणसांचा मांडव किती दिवस टिकेल?

माहुलीची_लेक

काका, ही पोस्ट वडिलांना वाचून दाखवली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मागच्या खुर्चीवर बसणाऱ्यानं तेव्हा बोलायला पायजे हुतं."

लेखाशीर्ष

बरोबर आहे त्यांचं.

मोतीचौक

जरा वेगळं. कराड नगरपालिका स्वच्छ सर्वेक्षणात २०२० मध्ये एक लाखाच्या आतल्या शहरांत देशात पहिली आली होती. म्हणजे ह्याच जिल्ह्यात, ह्याच कायद्यात, ह्याच अनुदानात काम होऊ शकतं. तिथे काय वेगळं केलं ते कराडकरांनी लिहा ना कुणीतरी.

कृष्णाकोयना

कराडकर हजर. बक्षिसाचा फोटो सगळ्यांनी शेअर केला, पहाटे झाडणाऱ्यांचा कुणी केला नाही. एवढंच म्हणतो. सविस्तर रविवारी.

माचीपेठकर

तीन दिवसांनी येतोय. परवा पुन्हा ताईकडे गेलो होतो. मांडव उतरलाय, फरकाचा एक हप्ता कबूल झाला म्हणे. लेखाशीर्ष काकांनी सांगितल्यावर राहवेना, पालिकेत जाऊन अंदाजपत्रक बघायला मागितलं. आधी 'साहेब मीटिंगला', मग 'झेरॉक्स मशीन बंद'. माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला बसलो, दहा रुपयांचा स्टॅम्प खिशातून काढला, तेवढ्यात एका बाईंनी कपाटातून प्रत काढून दिली आणि म्हणाल्या, इथेच बसून वाचा.

स्वच्छतेच्या ठेक्याची रक्कम सापडली. आकडा इथे टाकत नाही, नाहीतर गाव ओळखू येईल. आस्थापनेच्या पानावर ती नव्हती. काका, बारा पानं पुढे होती. केंद्राकडून येणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचं पानही पाहिलं. त्यातले ६० टक्के पाणी-स्वच्छतेला बांधलेले, उरलेल्यातून पगार करता येत नाहीत हे तिथेच त्या बाईंनी सांगितलं. ठेका मात्र बसतो. म्हणजे माणूस कायम ठेवायला पैसे नाहीत आणि तोच माणूस ठेकेदारामार्फत घ्यायला आहेत.

माझं पहिलं मत मोडलंय असं नाही. मतांचा आणि मांडवाचा सौदा होतोच. पण 'यांचे पगार' हे शब्द मागे घेतो. ताईंच्या वडिलांना तेवढं सांगा.

कलम_एकवीस

छान. दाजींच्या नोटिशीचं काय झालं? हरकत घ्यायची मुदत असते, ती चुकवू नका. सुनावणीला जुनी पावती न्या.

माचीपेठकर

त्यात एक अडचण आहे. नोटिशीत खाली 'मागील थकबाकी' असाही एक रकाना होता, तो मी धाग्याच्या सुरुवातीला लिहिला नाही. चार वर्षांची आहे.

माणदेशी

आरं देवा.

लेखाशीर्ष

थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते. दाजींना म्हणावं उद्याच्या उद्या भरा, शास्ती माफ करणाऱ्या अभय योजनेची वाट बघत बसू नका.

माचीपेठकर

तीच बघतायत.